जुन्या पेट्रोल जीपचं इंजिन कमी पैशात बांधायचं, तर आधी मापं, मग माल

जुनं इंजिन उघडलं की खर्च हाताबाहेर जातो असं म्हणतात. बहुतेक वेळा तो हाताबाहेर जातो, कारण ब्लॉकची मापं निघायच्या आधीच रिंग-पिस्टनचा सेट दुकानातून घरी आलेला असतो. मग बोअर (सिलिंडरचं भोक) बसतो ३० थाऊ मोठ्या मापाला, सेट असतो २० चा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मिमी), आणि दुकानदार उघडलेला डबा परत घेत नाही. खाली जे लिहिलं आहे त्याचा सगळा क्रम या एका चुकीभोवती बेतलेला आहे.

गाडी कोणती? उभ्या, उंच बॉनेटची महिंद्राची सीजे-३बी. १९४७ पासून महिंद्राने विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-३बी आली आणि तिच्याबरोबर 'हरिकेन' हे चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. रावेर-सावद्याकडच्या केळीच्या मळ्यांत, शिरपूर-शहाद्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला, अशी एखादी जीप शेडमध्ये ताडपत्रीखाली अजून सापडते. पण आधी बॉनेट उचलून बघा. पुष्कळ गाड्यांची पेट्रोल इंजिनं केव्हाच काढून डिझेल बसवलेली आहेत. तसं असेल तर हा लेख तिच्या कामाचा नाही.

इंजिन ओळखून घ्या

बोअर ७९.४ मिमी, स्ट्रोक १११.१ मिमी, एकूण २१९९ सीसी. कॅटलॉगमध्ये ४००० आरपीएमला ७५ अश्वशक्ती लिहिलेली असते, पण या इंजिनाची खरी गंमत खालच्या आरपीएमला ओढण्यात आहे. स्ट्रोक लांब, पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकच्या दांड्याला आधाराची मेन बेअरिंग फक्त तीन. म्हणून याला फार फिरवायचं नसतं.

रचना थोडी वेगळी आहे. इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी. हेड हलकं आणि साधं आहे. जळालेल्या वायूची सगळी उष्णता मात्र ब्लॉक सोसतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट आणि बोअर यांच्यामधली लोखंडाची भिंत अरुंद, तडा जातो तो तिथेच. तुमचं बजेट टिकणार की नाही, ते ती दोन बोटं जागा ठरवते.

पाना हातात घेण्याआधी

पहिलं आरसी बुक. त्यावर इंधन पेट्रोलच आहे ना, आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो ना, ते बघा. हरिकेनचा नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, वॉटर पंपाजवळच्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. त्याचा फोटो आजच काढून ठेवा आणि ब्लॉक साफ करणाऱ्याला तिथे वायर ब्रश किंवा ग्राइंडर लावू देऊ नका. जळगावची एमएच-१९ असो, धुळ्याची १८ असो की नंदुरबारची ३९, नंबर वाचता आला नाही तर आरटीओत फेऱ्या ठरलेल्या. ब्लॉकच बदलावा लागला तर नव्या नंबराची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते, त्यासाठी बदलून घेतलेल्या ब्लॉकच्या खरेदीची पावती हवी. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटली असतील तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदणी मिळू शकते; शुल्क २० हजार, मुदत १० वर्षं. पण ती गाडी मग रोजच्या वापरात चालत नाही, आणि इंजिन किंवा चासीत मोठा फेरफार केलेला चालत नाही. शेतावर रोज न्यायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

दुसरं, इंजिन चालू होत असेल तर कॉम्प्रेशन तपासा. इंजिन गरम, चारही स्पार्क प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. चांगल्या इंजिनाला १२० ते १३० पीएसआय दाखवतं आणि सिलिंडरांमधला फरक १० च्या आत असतो. एखादा सिलिंडर कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा बघा. आकडा चढला तर रिंग आणि बोअर गेलेत, चढला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट जळालेलं असण्याची शक्यता मोठी.

तिसरं ऑइल प्रेशर. इंजिन चांगलं गरम झाल्यावर, आयडलला किमान ६ पीएसआय आणि २००० आरपीएमला किमान २० हवं. तब्येत चांगली असेल तर २००० ला ३५ च्या आसपास मिळतं. डॅशबोर्डावरच्या जुन्या मीटरवर विश्वास नको. एखाद्या मेकॅनिककडचा मेकॅनिकल गेज तासाभरासाठी लावून घ्या.

या तपासण्यांवरून 'हाफ' (फक्त वरचं काम) की 'फुल' (क्रँकसकट) ते ठरतं. कॉम्प्रेशन पडलेलं पण ऑइल प्रेशर ठणठणीत असेल तर वरचं काम पुरेल. प्रेशर पडलेलं असेल तर क्रँक उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. गॅरेजात "भाऊ, हाफमा व्हई जाई" (हाफमध्ये होऊन जाईल) असं ऐकायला मिळेल. गेजने तसं सांगितलं तरच ऐका. नव्या रिंगांनी कॉम्प्रेशन वाढतं आणि आधीच ढिल्या झालेल्या बिग एंड बेअरिंगवर (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडणाऱ्या) जास्त मार बसतो. अशी 'हाफ' केलेली इंजिनं काही महिन्यांत खालून ठोकायला लागतात, आणि मग गॅस्केटसकट सगळा खर्च दुसऱ्यांदा होतो.

पैशांची वाटणी

समजा हाताशी ८० हजार आहेत. त्यातले १६ हजार पहिल्याच दिवशी बाजूला काढा आणि ब्लॉकची तडा तपासणी होईपर्यंत त्यांना हात लावू नका. उरलेल्यात आधी मशीन शॉप, मग खालचे पार्ट, मग वरचे, आणि रंगरंगोटी सगळ्यात शेवटी. व्हॉल्व्ह कव्हर क्रोम करून आणायचा मोह होतो. तेवढ्या पैशांत टायमिंग गियर येतो.

वेळही बजेटचाच भाग आहे. खरिपाच्या तोंडावर, म्हणजे आखाजीपासून (अक्षय्य तृतीया) पहिला पाऊस पडेपर्यंत, जळगाव-धुळ्याच्या सिलिंडर बोरिंगवाल्यांकडे ट्रॅक्टर आणि पंपांच्या इंजिनांची रांग असते. तेव्हा हौसेच्या जीपला कोण विचारतो? दिवाळीनंतर ब्लॉक नेलात तर बोअर गेज लावून निवांत माप घेणारा माणूस भेटतो.

उतरवणं आणि खोलणं

इंजिन ओतीव लोखंडाचं, जड आहे. चेन कप्पी कडुनिंबाच्या फांदीला बांधू नका. लोखंडी तिवई भाड्याने मिळते. आधी रेडिएटर आणि ग्रिल काढलंत तर काम निम्मं सोपं होतं.

हेड काढताना हमखास फसायला होतं. सगळे बोल्ट काढूनही हेड हलत नाही, मग पहार लावली जाते आणि ब्लॉकची कड फुटते. कारण एक बोल्ट दिसतच नाही: कार्ब्युरेटर काढला की त्याच्या खालच्या भोकात, इनलेटच्या वाटेत आत तो बसलेला असतो. कार्ब्युरेटर आधी काढा, टॉर्च मारून बघा, बॉक्स पाना आत घाला.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बाजूच्या झाकणातून निघतात. स्प्रिंग दाबण्याआधी व्हॉल्व्ह चेंबरमधल्या तेलाच्या भोकांत चिंधी कोंबा. स्प्रिंग धरणाऱ्या लॉकचा एखादा तुकडा उडाला तर तो सरळ खाली ऑइल चेंबरमध्ये (इंजिनाखालची तेलाची टाकी) जातो.

कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप ही जोडी आहे, दुसऱ्या रॉडची कॅप चालत नाही. शिवाय या इंजिनात रॉडचं मोठं डोकं मधोमध नाही, एका बाजूला सरकलेलं आहे. उलटा बसवलात तर क्रँकच्या गालाला घासतो. म्हणून काढण्याआधीच रॉड आणि कॅप दोन्हींवर, कॅमशाफ्टच्या बाजूला, पंच मारून १ ते ४ अशा ठिपक्यांच्या खुणा करा. मेन कॅपांनाही तसंच. पिस्टनची खाच कुठल्या बाजूला होती त्याचा फोटो घ्या. फ्लायव्हील आणि क्रँकवर एक सरळ छिन्नीची रेघ ओढा.

ब्लॉक: इथेच खर्च ठरतो

ब्लॉक धुवायला द्यायच्या आधी त्याचे पाण्याचे प्लग काढून टाका. आपल्याकडे रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं विहिरीचं किंवा बोअरवेलचं जड पाणी ओतलेलं असतं. वॉटर जॅकेटमध्ये, विशेषतः चौथ्या सिलिंडरभोवती, पांढरट खडीसारखा थर जमतो. तो तारेने खरवडून, कॉस्टिकच्या टाकीत ब्लॉक उकळून काढावा लागतो. हा थर तसाच राहिला तर वर कितीही महाग पिस्टन घाला, मे महिन्यात भुसावळच्या उन्हात गाडी उकळणारच.

धुतलेल्या, कोरड्या ब्लॉकवर डाय पेनिट्रंट मारा. लाल स्प्रे चारही एक्झॉस्ट सीटच्या आसपास आणि बोअरच्या वरच्या कडेला मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसून काढा, मग पांढरा डेव्हलपर मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. दोन डबे शंभर घरगुती उपायांपेक्षा स्वस्त पडतात. रेघ सीटपाशीच असेल तर नवी इन्सर्ट सीट बसवून भागू शकतं. ती बोअरमध्ये उतरलेली असेल तर त्या सिलिंडरला स्लीव्ह (आत ठोकलेली लोखंडी नळी) आणि सीटला इन्सर्ट, दोन्ही लागतात. पाण्याच्या जॅकेटपर्यंत गेली असेल तर प्रेशर टेस्ट करा, आणि टेस्टमध्ये पाणी आलं तर थांबा. वेल्डिंग करून देणारे भेटतील, पण ओतीव लोखंड संपूर्ण तापवून सावकाश निववलं नाही तर शेजारी नवा तडा जातो. त्यापेक्षा दुसरा ब्लॉक शोधणं स्वस्त. बाजूला ठेवलेले १६ हजार याच दिवसासाठी होते.

आता बोअर. प्रत्येक सिलिंडरला वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं अशी सहा मापं. चार सिलिंडरांची चोवीस. कागदावर लिहून घ्या, बोरिंगवाल्याच्या डोक्यात ठेवू नका. झीज सगळ्यात जास्त वर, रिंग थांबते तिथे असते. पाच थाऊंपेक्षा जास्त निमुळतेपणा किंवा लंबगोलपणा असेल तर बोअरिंग. कमी असेल तर होनिंग (दगडाने बारीक घासणं) करून, वरची कड रिमरने काढून, नव्या रिंगांवर काम निघू शकतं. जीपची सगळी जुनी मापं थाऊतच बोलली जातात.

पिस्टन १०, २०, ३० आणि ४० थाऊ ओव्हरसाईज मिळतात. ४० ही शेवटची पायरी. जुन्या पिस्टनच्या माथ्यावर आकडा बहुधा कोरलेला असतो. तिथे आधीच ४० दिसलं तर चारही बोअरना स्लीव्ह मारून स्टँडर्डवर आणा. फक्त खराब झालेल्या एकाच सिलिंडरला मोठा पिस्टन घालून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या.

माप ठरलं की पिस्टन आणा, पिस्टन हातात आला की मग बोअर कापा. शेवटचं होनिंग त्या-त्या पिस्टनवर व्हायला हवं. तपासायची जुनी रीत अजून सगळ्यात भरवशाची: ३ थाऊ जाडीची, पाऊण इंच रुंद फिलर पट्टी पिस्टनच्या बाजूने बोअरमध्ये सोडायची, पिस्टन उलटा घालायचा आणि पट्टीला ताणकाटा लावून ओढायचं. सव्वादोन ते साडेचार किलोच्या ओढीत निघाली तर बरोबर. सहज सरकली तर ढिलं, अडकली तर घट्ट. ब्लॉक उन्हात आणि पिस्टन सावलीत असं करून मापलंत तर फसाल. दोन्ही रात्रभर एकाच खोलीत ठेवा. रिंग बोअरमध्ये चौकोनी बसवून तोंडातलं अंतर मोजा, ७ ते १७ थाऊ. कमी निघालं तर कानशीने घासा. डब्यातून काढून थेट घातलेली रिंग गरम झाल्यावर तोंडाला तोंड लागून मोडते.

क्रँक आणि तेलाची वाट

क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) नख फिरवून चर लागत असेल तर ग्राइंडिंग. बेअरिंग १०, २०, ३० थाऊ अंडरसाईज येतात. इथेही आधी मोजणी, मग बेअरिंग मिळतं का याची खात्री, आणि मगच ग्राइंडिंग. ग्राइंडरवाल्याला जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई राखायला सांगा. काटकोन राहिला तर तीन मेनचा लांब क्रँक तिथूनच तुटतो. घरी आल्यावर क्रँकमधल्या तेलाच्या भोकांतून तार आणि रॉकेल फिरवा, ग्राइंडिंगची पूड आत राहिलेली असते.

बेअरिंगची फट प्लॅस्टिगेजने (दाबून फट मोजायची प्लॅस्टिकची बारीक तार) बघा: मेनला ३ थाऊंच्या आत, रॉडला २ च्या आत. क्रँकचा पुढे-मागे खेळ ४ ते ६ थाऊ. तो पुढच्या मेन बेअरिंगजवळच्या पातळ शिमने जुळवतात. त्या शिम जुन्या वॉशरला चिकटून कचऱ्यात जातात, जपून ठेवा.

ऑइल पंप उघडून गियर आणि झाकणाची आतली बाजू बघा. झाकणावर गोल चर पडले असतील तर सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासलं की पुष्कळदा प्रेशर परत येतं. फुकटात होणारं हे एकमेव काम.

कुठे वाचवायचं

रॉकर, पुशरॉड, झाकणं, मॅनिफोल्ड, बोल्ट: जुने, तपासून, धुऊन. वॉटर पंप किट टाकून दुरुस्त होतो. कार्ब्युरेटरचा किट, पॉइंट, कंडेन्सर स्वस्त आहेत, नवेच घाला. फ्युएल पंपाचा पडदा आणि पेट्रोलचे रबरी पाइप मात्र इथेनॉल चालणारे हवेत. आताच्या ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं आणि त्याचे तुकडे जेटमध्ये अडकतात. शिसंविरहित पेट्रोलची काळजी नको, एक्झॉस्ट सीट कठीण धातूच्या आहेत.

बेअरिंग, रिंग, पिस्टन, हेड गॅस्केट, टायमिंग गियर यांत तडजोड नको. पार्ट जळगावात नाहीच मिळाले तर दिल्लीचं कश्मीरी गेट, आणि जुन्या सुट्या भागांसाठी मुंबईचं कुर्ला. कुरियरने मागवताना दुकानदाराकडून पार्टवरच्या आकड्याचा फोटो आधी मागवा.

एअर क्लीनरकडे कुणी बघत नाही. तेलाच्या वाटीचा जुना फिल्टर उत्तम आहे, पण तिथून कार्ब्युरेटरला जाणारा रबरी पाइप चिरलेला असतो. काळ्या मातीची धूळ तिथून आत शिरली की नवा बोअर एका हंगामात जुना.

बांधणी

सगळं साबणाच्या गरम पाण्याने धुवा, होनिंगची पूड रॉकेलने निघत नाही. पांढऱ्या कापडाला काळं लागणं थांबेपर्यंत धुवा आणि लगेच तेल चोळा.

टॉर्क पाना भाड्याने आणा, अंदाजाने आवळू नका. मेन कॅप ९ ते १०.४ किलोग्रॅम-मीटर, रॉड ४.८ ते ६.२, हेड ८.३ ते ९.७; हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत. मागच्या मेन कॅपच्या दोन्ही बाजूंची रबरी पॅकिंग पाव इंच बाहेर डोकावते. ती ब्लेडने कापून सपाट करणारे पुष्कळ असतात, आणि नंतर क्लचवर तेल का येतं म्हणून विचारणारेही तेच. ऑइल चेंबर आवळला की तेवढी लांबी दाबली जाऊन जागा बंद करते.

टायमिंग गियरच्या खुणा समोरासमोर. मग ऑइल पंप. डिस्ट्रिब्यूटर या पंपाच्या दांड्यावरच फिरतो, त्यामुळे पंप एक दात इकडे-तिकडे बसला तर डिस्ट्रिब्यूटर कितीही फिरवा, टायमिंग सापडत नाही. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला ठेवून पंप बसवा, रोटर पहिल्या वायरकडे बघतोय ना ते तपासा. फायरिंगचा क्रम १-३-४-२, टायमिंग टीडीसीच्या (पिस्टनचं सगळ्यात वरचं टोक) ५ अंश आधी. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर: इनलेट १८ थाऊ, एक्झॉस्ट १६. दोन्ही वेगळे आहेत, एकाच पट्टीने उरकू नका.

पहिला स्टार्ट

फिल्टरसकट पावणेपाच लिटरच्या आसपास तेल लागतं. पहिल्यांदा साधं मिनरल १५डब्ल्यू-४० डिझेल ग्रेड भरा, त्यात कॅम-टॅपेटला लागणारं झिंक असतं. प्लग न लावता स्टार्टरने फिरवा, गेजवर प्रेशर दिसू द्या, मगच प्लग. चालू झाल्यावर आयडलला सोडू नका; वीस मिनिटं १५०० ते २००० मध्ये ठेवा, नजर प्रेशर आणि पाण्याच्या काट्यावर.

पाणी साडेदहा लिटर, आरओचं किंवा डिस्टिल्ड, कूलंट मिसळून. थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने उकळणं थांबत नाही, डिसेंबरातल्या सकाळी इंजिन मात्र अर्धा तास थंड राहतं आणि बोअर झिजतो. तापतच असेल तर रेडिएटरला रॉडिंग करा (नळ्यांतून सळई घालून साफ करा) आणि टायमिंग मागे पडलंय का बघा.

पहिले ५०० किलोमीटर ताशी ५० च्या पुढे नको, पण एकाच वेगाने रेंगाळतही नको. चढावर मध्येच थोडा भार द्या, रिंगा त्यानेच बसतात. ५०० ला तेल बदला, जुनं तेल पांढऱ्या थाळीत ओतून चमक बघा. मग इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेड पुन्हा टॉर्क करा आणि टॅपेट परत जुळवा. त्या लपलेल्या बोल्टसाठी कार्ब्युरेटर पुन्हा उतरवावा लागतो, म्हणून त्याचं एक जादा गॅस्केट आधीच आणून ठेवा.